माध्यमिक शाळेतले ‘सर’ खरंच कमी होताहेत का?

आमच्या गावच्या हायस्कूलच्या ऑफिसात दहावीच्या तुकड्यांचे जुने ग्रुप फोटो ओळीने लावलेत. सत्तरच्या दशकातल्या एका फोटोत खुर्च्यांवर अकरा शिक्षक आहेत. त्यांत बाई एकच, त्याही शिवण शिकवणाऱ्या. अलीकडच्या फोटोत खुर्च्या वीस, त्यांतल्या नऊ खुर्च्यांवर बाई, आणि गणित, विज्ञान दोन्ही विषय त्यांच्याकडे. हे फोटो बघून माजी विद्यार्थी हमखास म्हणतात, “आता सर राहिलेत कुठे?” मी बोट ठेवून मोजलं. तेव्हा सर दहा होते, आता अकरा आहेत.

विकसनशील देशांतल्या पुरुष शिक्षकांबद्दल बोलताना नेमकी हीच गल्लत होते. संख्या वेगळी आणि वाटा वेगळा. भारताचंच बघा. यू-डायस म्हणजे देशभरच्या शाळांची सरकारी नोंद. तिच्या आकडेवारीनुसार 2012-13 मध्ये सगळ्या शाळा मिळून पुरुष शिक्षक 42.4 लाख होते आणि स्त्रिया 35.8 लाख. 2019-20 मध्ये पुरुष 47.7 लाख झाले, स्त्रिया 49.2 लाख. सात वर्षांत पाच लाखांहून जास्त पुरुष वाढले, तरी त्यांचा वाटा 54 टक्क्यांवरून 49 वर आला. पुढे 2024-25 मध्ये एकूण शिक्षक एक कोटीच्या वर गेले, स्त्रियांचा वाटा 54.2 टक्के झाला आणि पुरुषांची संख्याही थोडी उतरून 46 लाखांच्या आसपास आली. मात्र जितकी वरची इयत्ता, तितका सरांचा वाटा मोठा. 2019-20 मध्ये देशात स्त्री शिक्षकांनी पहिल्यांदा पुरुषांना मागे टाकलं, त्याच वर्षी माध्यमिक स्तरावर 6.3 लाख पुरुष आणि 5.2 लाख स्त्रिया होत्या.

हे बदल इतके सावकाश का होतात, ते एका छोट्या हिशेबाने कळतं. समजा एका देशात शंभर माध्यमिक शिक्षक आहेत, त्यांत ऐंशी पुरुष. नोकरी साधारण तेहतीस वर्षांची धरली तर दर वर्षी शंभरातले तीन निवृत्त होणार. आजपासून भरती अगदी निम्मी-निम्मी केली, तरी दहा वर्षांनी शंभरात बहात्तर पुरुष उरतात. कारण शिक्षकांची फौज रांजणासारखी असते. तळाशी तीस वर्षांपूर्वीचं पाणी असतं आणि वरून आपण वाटी-वाटीने ओतत असतो. आता याच देशात शाळा वाढताहेत आणि शिक्षकांची संख्या दर वर्षी पाच टक्क्यांनी चढते आहे, असं धरा. दहा वर्षांत शिक्षक 163 होतील. पुरुष ऐंशीचे 104 होतील, आणि त्यांचा वाटा मात्र 64 टक्क्यांवर येईल. संख्या वर, वाटा खाली. गेल्या काही दशकांत ज्या गरीब देशांनी माध्यमिक शाळा झपाट्याने काढल्या, तिथले आकडे वाचताना हा हिशेब हाताशी ठेवावा.

जगभरात प्राथमिक शिक्षकांत दोन तृतीयांश स्त्रिया आहेत, माध्यमिकमध्ये सुमारे 54 टक्के. पण सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत माध्यमिक शाळेतले दहातले सात शिक्षक पुरुष असतात. चाडमध्ये तर दहांत एखादी स्त्री सापडणंही कठीण. माध्यमिकला शिकवायचं तर बहुधा विषयाची पदवी लागते. जिथे मुली सातवी-आठवीतच शाळा सोडतात, तिथे बारा-पंधरा वर्षांनी भौतिकशास्त्र शिकवायला पदवीधर स्त्री आणायची कुठून? आणि शाळेत एकही बाई नाही म्हणून पालक वयात आलेल्या मुलीला घरी बसवतात. बांगलादेशात प्राथमिकच्या भरतीत स्त्रियांसाठी 60 टक्के जागा अनेक वर्षं राखीव होत्या, त्यामुळे खालच्या वर्गांचं चित्र पालटलं. माध्यमिकला मात्र अजून चारांत साधारण एकच बाई असते.

लेसोथोची गोष्ट याच्या उलट आहे, आणि मला ती सगळ्यात बोलकी वाटते. दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेला हा छोटा डोंगराळ देश. तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या देशातल्या सोन्याच्या खाणींत कामाला जायचे. मुलगे लहानपणीच गुरं-मेंढरं घेऊन डोंगरावर जायचे. शाळेत टिकायच्या त्या मुली. त्याच शिकल्या, त्याच शिक्षिका झाल्या, आणि आज तिथे माध्यमिकलाही निम्म्याहून जास्त शिक्षक स्त्रिया आहेत. मंगोलियातही मुलगे गुरांमागे गेले आणि मुली पुढे शिकल्या. तिथे तर माध्यमिक शाळांत सरांपेक्षा बाई कितीतरी जास्त. फळ्यापुढे कोण उभं राहणार, हे दोन्ही देशांत कुरणावर ठरलं होतं.

दुसरं कारण पैशाचं. युनेस्कोच्या 2024 च्या अहवालानुसार 2021 मध्ये जगात प्राथमिक शाळांतून पुरुष शिक्षक नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण 9.2 टक्के होतं, स्त्रियांचं 4.2. ज्या पुरुषाला दुसरी वाट उघडी असते, तो निघतो. आपल्याकडे शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात. माध्यमिकला हे मानधन वर्षानुवर्षं महिना 8,000 रुपये होतं, 2023 मध्ये ते 18,000 झालं. बी.एड. झालेल्या, घर चालवायची जबाबदारी असलेल्या माणसाने एवढ्यावर थांबावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. त्या माणसाच्या जागी बाई असल्या, तरीही तितकीच.

सर असोत की बाई, मुलांच्या शिकण्यात काय फरक पडतो? कार्तिक मुरलीधरन आणि केतकी शेठ या अर्थशास्त्रज्ञांनी आंध्र प्रदेशातल्या सरकारी प्राथमिक शाळांचा अभ्यास केला. बाई शिकवायला असल्या की मुलींची प्रगती जास्त झाली, आणि मुलग्यांचं काही नुकसान झालं नाही. चाडमधल्या एखाद्या गणिताच्या तासाला पहिली बाई उभी राहील तेव्हा काय होईल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

म्हणून मला सतत अफगाणिस्तान आठवतो. सप्टेंबर 2021 मध्ये तिथल्या माध्यमिक शाळा फक्त मुलग्यांसाठी उघडल्या, आणि डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठांची दारंही मुलींना बंद झाली. 2021 मध्ये सहावीनंतर घरी बसवलेली बारा वर्षांची मुलगी 2033 मध्ये चोवीस वर्षांची होईल. एरवी तोच तिचा शाळेत रुजू होऊन मस्टरवर पहिली सही करण्याचा सुमार.