चाळीस सेकंदांची उधारी

कॅसेटचा वॉकमन लोकलमध्ये कितीही आदळला तरी फार तर सूर डळमळायचा. सीडीचं तसं नव्हतं. सोनीचा डी-५० हा खिशात नाही पण हातात मावणारा पहिला सीडी प्लेअर १९८४ मध्ये आला, आणि गचका बसला की गाणं उडायचं. कारण सीडीवरच्या एकाच चक्राकार ओळीच्या वेढ्यांमध्ये अंतर असतं फक्त १.६ मायक्रॉन. फिरत्या तबकडीला स्पर्श न करता, लेसरने वाचणाऱ्या लेन्सने ती ओळ धरून ठेवायची, आणि तेही कुर्ल्याचे सांधे बदलताना!

नव्वदच्या दशकात यावर जो उपाय रुळला, त्याला आपल्याकडे सरसकट ‘अँटी-शॉक’ म्हणत. नाव फसवं आहे. धक्का अडत नाही, लेन्स चुकायची ती चुकतेच. फक्त तबकडी दुप्पट वेगाने फिरवून गाणं आधीच मेमरी चिपमध्ये भरून ठेवतात आणि कानाला चिपमधलं ऐकवतात. लेन्स जागेवर येईपर्यंत ही शिल्लक पुरली, तर काही झालंच नाही असं वाटतं.

शिल्लक मात्र महाग. सीडीचा आवाज सेकंदाला सुमारे १४ लाख बिट खातो, म्हणजे ४ मेगाबिटची (सुमारे ४० लाख बिटांची) चिप जेमतेम ३ सेकंदांत संपते. १६ मेगाबिटमध्ये ११-१२ सेकंद. मग प्लेअरच्या खोक्यांवर ‘४० सेकंद’ कुठून आले? बहुतेक वेळा चिप मोठी झाली नव्हती, आवाज दाबून कमी बिटांत भरला जात होता. चोखंदळ कानांना ते खटकायचं, म्हणून अनेक प्लेअरवर ही सोय चालू-बंद करायचं बटण असे.

आमच्या दादाच्या प्लेअरवर ते बटण एरवी बंद. कारण कानाचं नव्हे, सेलचं: दुप्पट फिरणारी तबकडी पेन्सिल सेल लवकर संपवायची. गाडी दादरला शिरण्याआधी तो ते चालू करी, प्लेअर छातीशी आडवा धरी. तरी गाणं तुटायचंच. सलग हादरे बसत राहिले तर चिप भरायला उसंतच मिळत नाही, आणि दादरला चढणारा लोंढा काही १० सेकंदांत थांबत नाही.

२००१ च्या पहिल्या आयपॉडची जाहिरातसुद्धा ‘२० मिनिटं गाणं उडणार नाही’ अशी होती, कारण त्यातही फिरणारी डिस्कच होती. पुढे फिरणारं काही उरलंच नाही. दादाचा प्लेअर अजून माळ्यावर आहे, बटण बंदच.