कोरड्या नदीला किती गुण?

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, नागपूरच्या अशोक चौकाजवळच्या पुलावर उभं राहिलं की सगळं शहर भाजून निघत असताना नाग नदी मात्र वाहताना दिसते. अर्थात ते सांडपाणी असतं. काठचा काळा गाळ चाळणीवर धुतला तर लाल अळ्या वळवळताना दिसतील. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू जवळपास संपलेल्या चिखलातही त्या तग धरतात.

अशा जिवांवरून नदीची तब्येत ओळखायची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०८-०९ मध्ये कोणता जीव किती घाण सोसतो याच्या याद्या केल्या. ब्रिटनमध्ये १९८० च्या सुमारास त्यांना गुण जोडले गेले. स्वच्छ ओढ्यात दगडांखाली राहणाऱ्या नाजूक किड्यांना १०, चतुरांच्या पिल्लांना ८, लाल अळीला २. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जैविक निकषही याच पद्धतीवर बेतलेले आहेत.

पण ही मोजपट्टी बनली ती बारमाही वाहणाऱ्या नद्यांवर. वाळवंटात ती लावली की घोळ होतो. राजस्थानातली लुणी बघा. (तिचा उगम अजमेरजवळच्या नाग पहाडात, म्हणजे नावापुरती आपली लांबची नातेवाईक.) बालोतऱ्याच्या खाली तिचं पाणी मुळातच खारट होत जातं. क्षार वाढले म्हणून तिला नापास केलं तर शिक्षा निसर्गालाच. आणि खारट म्हणून सोडून दिलं तर पालीकडून बांडी नदीवाटे येणारं कापड कारखान्यांचं रंगीत पाणी सुटून जातं. ऑस्ट्रेलियात कूपर क्रीकसारख्या नद्या वर्षातला बराच काळ डोहांपुरत्याच उरतात. तिथे मासे पुढच्या पुरापर्यंत त्या डोहांत जगतात, म्हणून डोह किती खोल आणि किती दिवस टिकतो, हेही बघावं लागतं.

या विषयातला सगळ्यात बोलका धडा मात्र अमेरिकेच्या ॲरिझोनातल्या सांताक्रूझ नदीचा. ती मेक्सिकोत शिरून पुन्हा उत्तरेला अमेरिकेत परतते. भूजलाच्या अफाट उपशामुळे विसाव्या शतकात तिचा मोठा भाग आटला. पुढे तिला पाणी मिळालं ते सांडपाणी केंद्रांचं. सीमेलगतच्या नोगालेस केंद्रात दोन्ही देशांतली घाण येई. प्रक्रिया अपुरी होती, पाण्यात अमोनिया फार, त्यामुळे मासे टिकेनात. शिवाय पात्राच्या वाळूवर शेवाळ-जिवाणूंचा चिकट थर बसला. पाणी झिरपेना, म्हणून ते लांबवर वाहत राही. पूल ओलांडणाऱ्याला वाटावं, नदी झकास आहे!

२००९ मध्ये केंद्र सुधारलं. सोनोरन इन्स्टिट्यूट ही संस्था २००८ पासूनच्या नोंदी ठेवत होती, म्हणून आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवता आलं. अमोनिया उतरला. २०१५ मध्ये गिला टॉपमिनो पुन्हा सापडला. जेमतेम बोटाएवढा हा मासा १९६७ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. पण पाणी स्वच्छ झाल्यावर चिकट थर गेला, वाळू पाणी पिऊ लागली आणि प्रवाह आखूड झाला. नुसती प्रवाहाची लांबी मोजणाऱ्याने नेमकं त्याच वर्षी नदी बिघडल्याचं लिहिलं असतं. म्हणून तिथे अमोनिया, विरघळलेला प्राणवायू, किडे, मासे, काठची झाडं, भूजलाची पातळी आणि जूनमधल्या प्रवाहाची लांबी हे सारं एकत्र वाचतात. जूनच का, तर तो त्यांच्याकडचा सगळ्यात कोरडा काळ. त्यानंतर येणाऱ्या पावसाला तेही मान्सूनच म्हणतात.

१९५८ पासून नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था ज्या शहरात आहे, त्या नागपूरला मोजण्याची विद्या नवी नाही. पण इथला पेच सांताक्रूझच्या उलटा आहे. तिकडे शुद्ध केलेलं सांडपाणी पात्रात सोडतात. आपल्याकडे भांडेवाडीत रोज १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची क्षमता असलेलं केंद्र आहे आणि त्याचं पाणी वीज केंद्रांकडे वळवलं जातं. उद्या नागमध्ये येणारी सगळी घाण अडवली आणि शुद्ध झालेलं पाणीही असंच बाहेर गेलं, तर मे महिन्यात पुलाखाली उरेल ती वाळू आणि एखाददुसरं डबकं. त्या पात्राला किती गुण द्यायचे, हे सांडपाण्याचे नळ टाकायच्या आधीच ठरवलेलं बरं.