कटिंगसाठी व्हेक्टर आर्टवर्क : स्वतः शिकणाऱ्या ग्राहकांसाठी

स्टिकर कटिंग आणि लेझरच्या कामासाठी येणारे बरेच ग्राहक आता आर्टवर्क स्वतःच करून आणतात. आम्हाला ते आवडते. डिझाइन तुमच्या मनासारखे होते आणि आमची फेऱ्यांमागून फेऱ्या होणारी प्रूफं वाचतात. अडते ते एकाच जागी. फाइल व्हेक्टर असते, स्क्रीनवर सुरेख दिसते, आणि मशीनवरून मात्र दातेरी कडा घेऊन उतरते. याचे कारण बहुतेक वेळा नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, असतात, म्हणून या पत्रकात सगळ्यात जास्त जागा नोडनाच दिली आहे.

फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो, तर व्हेक्टर चित्र म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे गणित. म्हणूनच ते कितीही मोठे केले तरी फाटत नाही. यातल्या वक्र रेषेला बेझिए कर्व्ह म्हणतात. रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतले इंजिनिअर पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात गाडीच्या बॉडीचे आकार काढण्यासाठी ती वापरात आणली. सित्रोएनमधल्या पॉल द कास्तेल्जो यांनी तेच गणित १९५९ मध्येच मांडले होते, पण त्यांच्या कंपनीने ते बाहेर पडू दिले नाही. थोडक्यात, ही रेषा चित्रकारांच्या आधी कारखान्यात आली, आणि कटिंग मशीनला ती इतकी मानवते यात नवल नाही.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हा प्रश्न आम्हाला सारखा विचारला जातो. इलस्ट्रेटर १९८७ पासून आहे, कोरलड्रॉ १९८९ पासून. इंकस्केप २००३ मध्ये आले आणि ते मोफत आहे. हातात असेल त्यात शिका. पेन टूल आणि नोड हलवायचे टूल ही दोन हत्यारे तिन्हीकडे आहेत, आणि शिकायला खरा वेळ त्यांनाच लागतो. इफेक्ट, ग्रेडियंट, ब्रश हे सगळे मागाहून आले तरी चालते.

पेन टूल

नुसते क्लिक केले की कोपरा तयार होतो. क्लिक करून बटण न सोडता ओढले की नोडच्या दोन्ही बाजूंना हँडल, म्हणजे वळण ठरवणाऱ्या दोन दांड्या, निघतात आणि रेषा वळते. नवशिका माणूस आकाराच्या कडेकडेने जवळजवळ क्लिक करत जातो आणि एका वळणावर वीस नोड टाकतो. त्यातला प्रत्येक नोड जरासा इकडेतिकडे असतो आणि मशीन ती प्रत्येक चूक इमानदारीने कापते.

नोड कुठे टाकायचा? आकार जिथे सर्वांत वर, सर्वांत खाली, सर्वांत डावीकडे किंवा उजवीकडे पोहोचतो, तिथे. तिथले हँडल अगदी आडवे किंवा उभे ओढायचे. इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट, कोरल आणि इंकस्केपमध्ये कंट्रोल दाबून ठेवले की ते सरळ राहते. हँडलची लांबी दोन नोडमधल्या वळणाच्या साधारण एक तृतीयांश ठेवून पाहा. अख्खे वर्तुळ फक्त चार नोडमध्ये होते, आणि खऱ्या वर्तुळापासून त्याचा फरक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांहूनही कमी असतो. तेव्हा तुमच्या लोगोतल्या साध्या पानाला चाळीस नोड लागत असतील, तर पान अवघड नाही, हात घाईत आहे.

सरावासाठी बाटलीचा किंवा पानाचा फोटो खालच्या लेयरवर ठेवून लॉक करा आणि वरून पेनने काढा. काढून झाल्यावर एकेक नोड उडवून पाहा. आकार बिघडत नसेल तर तो नोड नकोच होता. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल आणि वाय दाबून आउटलाइन व्ह्यूमध्ये गेलात की रंग निघून जातो आणि मशीनला दिसते तसे चित्र तुम्हालाही दिसते. कोरलमध्ये यासाठी वायरफ्रेम व्ह्यू आहे.

सगळेच पेनने काढायची गरज नाही. चंद्रकोर हवी असेल तर दोन वर्तुळे एकमेकांवर ठेवून ट्रिम करा, म्हणजे एकाने दुसऱ्याचा भाग कापून टाका. वेल्ड (आकार जोडून एक करणे), ट्रिम आणि इंटरसेक्ट (दोघांत सामाईक भाग तेवढा ठेवणे) या तिघांवर निम्मे लोगो होतात, आणि कडा हाताने काढल्यापेक्षा नेटक्या येतात.

ट्रेसविषयी

एका बटणात फोटोचा व्हेक्टर होतो, हे खरे आहे. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने केलेली सही किंवा रेखाचित्र चांगल्या रिझोल्यूशनवर स्कॅन केले असेल, तर ट्रेस जरूर वापरा. पण मोबाइलवर फिरत फिरत आलेल्या छोट्या जेपीजीचा ट्रेस आणू नका. त्यात कोपरे गोल होतात, सरळ रेषा थरथरतात आणि नोड शेकड्यांनी वाढतात. तसा लोगो पेनने पुन्हा काढणे त्या ट्रेसची दुरुस्ती करण्यापेक्षा लवकर होते. जेपीजी उचलून पीडीएफमध्ये टाकली की ती व्हेक्टर होत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

मजकूर आणि रेघा

तुमचा फाँट आमच्या कॉम्प्युटरवर नसेल तर मात्रा आणि जोडाक्षरे विस्कटतात, म्हणून पाठवण्याआधी मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे साधे आकार करून घ्या : कोरलमध्ये कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल शिफ्ट ओ. कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. देवनागरीत पुढची एक पायरी असते आणि ती हमखास विसरली जाते. शिरोरेषा अखंड दिसत असली तरी प्रत्येक अक्षराचा तुकडा वेगळा असतो आणि शेजारच्या तुकड्यावर थोडा चढलेला असतो. तसेच कापले तर ब्लेड शिरोरेषेच्या मधूनच जाते आणि शब्दाची अक्षरे सुटी होतात. शब्द निवडून वेल्ड केला की प्रश्न मिटतो.

रेघेचेही तसेच आहे. स्क्रीनवर जाड दिसणारी स्ट्रोक, म्हणजे जाडी दिलेली रेघ, मशीनला जाड वाटत नाही. ते तिच्या मधोमध एकच काप घेते. जाडी हवी असेल तर स्ट्रोकचा ऑब्जेक्ट, म्हणजे दोन्ही कडा असलेला बंद आकार, करून घ्या.

फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफमध्ये, प्रत्यक्ष मापात पाठवा आणि माप मिलिमीटरमध्ये लिहा. मिलिमीटरहून बारीक रेघ स्टिकर सोलताना तुटू शकते, त्यामुळे फार बारीक नक्षी असेल तर आधी विचारा. आम्ही छोटा तुकडा कापून दाखवतो.