कोन्सो
दक्षिण इथिओपियातील डोंगराळ मुलूख व तेथील त्याच नावाच्या लोकांचा पूर्वीचा विशेष तालुका. तालुक्याला इथिओपियात ‘वरेडा’ म्हणतात. कारात हे मुख्य गाव अदिस अबाबाच्या दक्षिणेस सुमारे 600 किमी.वर आहे. पूर्वेला आणि दक्षिणेला सगन नदी. 2011 नंतर कोन्सो सेगेन विभागात गेला, तेथील लोकांना ते रुचले नाही. 2018 मध्ये त्याला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला. 2023 पासून तो दक्षिण इथिओपिया राज्यात आहे.

जमीन खडकाळ, उतार तीव्र, पाऊस लहरी. पडला तर धो धो, नाहीतर हंगाम कोरडा. म्हणून कोन्सोंनी डोंगरच्या डोंगर दगडी तालींनी बांधून काढले. चुना-माती न वापरता नुसते दगडावर दगड रचायचे. काही ठिकाणी या ताली 5 मीटरपर्यंत उंच आहेत. माती अडते, पाणी मुरते आणि जादा झालेले वाट काढून खाली जाते. पाऊस झाला की ढासळलेला दगड पुन्हा जागेवर बसवायचा, हे काम कधीच संपत नाही. युनेस्कोने 2011 मध्ये या भूदृश्याला जागतिक वारसा ठरवले. ही परंपरा 21 पिढ्यांची, म्हणजे 400 वर्षांहून जुनी मानतात.

तालींवर ज्वारी, मका आणि मधूनमधून शेवगा. हा आपल्याकडच्या शेवग्याचा जाड बुंध्याचा भाऊबंद, जात मात्र वेगळी. आपण शेंगांवर ताव मारतो, कोन्सो पाला खातात: ज्वारीच्या पिठाचे गोळे आणि हा पाला एकाच भांड्यात शिजतो. ज्वारी-मक्यापासून ‘चका’ नावाची दाटसर बिअरही करतात. शेतावर राबताना ती पेय कमी, जेवण जास्त असते.

2007 च्या जनगणनेत विशेष तालुक्याची लोकसंख्या सुमारे 2 लाख 35 हजार होती. शंभरातले जेमतेम चार जण शहरी. पण ‘ग्रामीण’ म्हणून विखुरलेल्या झोपड्या डोळ्यांसमोर आणू नयेत. टेकडीच्या माथ्यावर एक ते सहा दगडी तटांच्या आत घरे दाटीवाटीने वसलेली, मधून अरुंद बोळ. ‘मोरा’ हे गवताच्या छपराचे सार्वजनिक घर: खाली बैठक, वर माळ्यावर रात्री गावचे तरुण झोपतात, म्हणजे हाक आली की हजर. वीरांच्या स्मरणार्थ ‘वका’ हे लाकडी पुतळे उभारत. मधोमध वीर, आजूबाजूला बायका आणि त्याने मारलेले शत्रू. कोन्सो भाषा पूर्व आफ्रिकेतल्या भाषांच्या कुशिटिक गटातली आहे.