वनवेष्टित गोल्फ होल

गोल्फ मैदानावरील ज्या होलमध्ये टीपासून (पहिला फटका मारण्याच्या जागेपासून) ग्रीनपर्यंतच्या (खळगा असलेल्या आखूड गवताच्या हिरवळीपर्यंतच्या) मार्गालगतची अथवा वळणाच्या कोपऱ्यातील झाडी फटक्याची दिशा आणि उंची ठरवते, त्यास वनवेष्टित होल म्हणतात. समुद्रकाठच्या ‘लिंक्स’ मैदानावर वारा जे काम करतो, ते येथे बहुतांशी खोड आणि फांदी करतात.

या प्रकाराच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये गोल्फवर बंदी घातल्याची नोंद आहे, म्हणजे खेळ जुना आहे. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हा खेळ प्रामुख्याने किनाऱ्यावरील उघड्या, वालुकामय जमिनीवर वाढला. पुढे लंडनभोवतीच्या माळरानांवर मैदाने आखली गेली आणि विली पार्क (धाकटे) यांनी आखलेले सनिंगडेलचे जुने मैदान (१९०१) हा वनवेष्टित प्रकाराचा आरंभ मानण्याची प्रथा पडली. हे मत जपूनच स्वीकारावे लागते, कारण सनिंगडेल सुरुवातीस बरेचसे उघडे होते आणि आज तेथे दिसणारी दाटी बव्हंशी नंतरची आहे. अमेरिकेतील ओकमाँट (स्थापना १९०३) येथेही मूळ आराखड्यात झाडांना फारसे स्थान नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यास ती मोठ्या प्रमाणावर लावली गेली आणि १९९० च्या दशकापासून हजारोंच्या संख्येने काढण्यात आली. याउलट न्यू जर्सीतील पाइन व्हॅलीचे काम जॉर्ज क्रम्प यांनी १९१३ च्या सुमारास पाइनचे रान साफ करूनच हाती घेतले व ते त्यांच्या मृत्यूनंतर (१९१८) पुरे झाले. तेव्हा ‘रानातून कोरलेले’ आणि ‘रानाने नंतर वेढलेले’ असे दोन वर्ग मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ॲलिस्टर मॅकेन्झी यांच्यासारख्या आराखडाकाराला तर सरळ ओळीत लावलेल्या झाडांमधला अरुंद फेअरवे (टी आणि ग्रीन यांमधला कापलेल्या गवताचा पट्टा) कंटाळवाणा वाटे. भारतात दिल्ली गोल्फ क्लबचे लोदी मैदान, काटेरी झुडपांनी आवळलेल्या फेअरवेमुळे, या प्रकाराचे ठळक उदाहरण ठरते.

अशा होलवर लांब फटक्यापेक्षा पुढच्या फटक्यासाठी मोकळा कोन मिळवणे मोलाचे असते. डॉगलेग (मध्येच वळणाऱ्या) होलमध्ये कोपरा कापण्याचा मोह टाळून आखूड क्लब (फटका मारण्याची काठी) घेणारा खेळाडू पुष्कळदा कमी फटक्यांत होल संपवतो. झाडीत गेलेला चेंडू बाहेर काढताना तो पवित्र्यात मागच्या पायाकडे ठेवून, कमी लॉफ्टच्या (मुखाचा तिरकेपणा कमी असलेल्या) आयर्नने (धातूच्या क्लबने), स्विंग अर्ध्यावर आवरून फांद्यांखालून सखल मारला जातो. २०१९ च्या नियमावलीनुसार चेंडू शोधण्यास तीन मिनिटे मिळतात. त्यानंतर एका दंड-फटक्यासह मूळ जागेवरून पुन्हा खेळावे लागते. फटक्याला वाट मिळावी म्हणून जिवंत फांदी मोडता येत नाही. सुटी पाने, काटक्या, गळून पडलेली झावळी किंवा नारळसुद्धा विनादंड बाजूला करता येतो, मात्र त्यामुळे चेंडू हलल्यास एक दंड-फटका बसतो. चेंडू माडाच्या शेंड्यात अडकला आणि तो आपलाच असल्याचे ओळखता आले, तर तो खेळण्यास अयोग्य ठरवून, एका दंड-फटक्यासह, त्या जागेच्या बरोबर खालील बिंदूपासून मोजून दोन क्लब-लांबीच्या आत टाकता येतो. ओळख पटली नाही तर तो हरवलेलाच धरला जातो. विषारी साप किंवा डंख मारणाऱ्या मधमाश्या जवळ असल्यास विनादंड सवलत मिळते.

गोव्यातील मैदाने लहान व किनाऱ्यालगतच्या हॉटेलांशी संलग्न आहेत: साळ नदीच्या मुखाजवळ मोबर येथे बारा होलचे, तर काणकोणात राजबाग येथे नऊ होलचे. माडाचे खोड उघडे असल्याने त्याखालून सखल फटक्याला वाट राहते. काजूच्या खाली पसरलेल्या फांद्या आणि पाचोळा तशी मुभा देत नाहीत. येथील वृक्षतोड १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने नियंत्रित होते. २०१६ च्या दुरुस्तीने माड ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला होता, तो २०१७ मध्ये पुन्हा समाविष्ट झाला. पेडणे तालुक्यातील तेरेखोल येथे अठरा होलच्या मैदानाचा प्रस्ताव आला तेव्हा काजूच्या बागायती कसणाऱ्या ग्रामस्थांनी त्यास विरोध केला आणि जमिनीवरील कुळांचा हक्क हा त्या वादाचा मुख्य मुद्दा ठरला.