चादर फाटणं वेगळं, विरणं वेगळं

सोलापुरात चार पुतळ्यापाशी चहा पिताना आमचे शेजारी आप्पा परवा कुठल्याशा देशाची बातमी वाचून म्हणाले, "ही तर आणीबाणीच की!" मी म्हटलं, "आप्पा, आणीबाणी वेगळी आणि हे वेगळं." "वेगळं कसं? लोकांचं तोंड बंद झालं म्हणजे झालंच की." आप्पांची उभी हयात चादरीच्या मागावर गेली. म्हणून त्यांना विचारलं, चादर फाटणं आणि चादर विरणं एकच का? आप्पांनी काही न बोलता बशीतला चहा संपवला.

सोलापूरकराचा हा घोळ तसा समजण्यासारखा आहे. हुकूमशाही म्हटलं की आपल्याला मार्शल लॉ आठवतो. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, ८ तारखेला गोळीबार झाला, १२ तारखेला लष्करी अंमल पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. रस्त्यावर सैनिक, हातात बंदूक, भिंतीवर हुकूम असं ते चित्र पिढ्यान्‌पिढ्या डोक्यात बसलंय. पण तेव्हा राज्यच परक्यांचं होतं. नसलेली लोकशाही घसरणार कुठून? त्यामुळे मार्शल लॉ इथंच बाजूला ठेवू.

आणीबाणी म्हणजे फाटणं. तिला तारीख आहे, सही आहे, कलम आहे. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी कलम ३५२ खाली 'अंतर्गत अशांतते'चं कारण देणाऱ्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, लाखाहून अधिक माणसं खटल्याविना आत गेली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी स्थानबद्धांच्या वाट्याला तेच येरवडा आलं. सगळं वाईट, पण नजरेला पडणारं. चादर फाटली की घरातल्या लहान पोरालाही दिसते. आणि ज्या तारखेला फाटली तशीच तिला संपायचीही तारीख मिळाली, २१ मार्च १९७७.

विरणं म्हणजे निवडून आलेल्या सरकारनेच कायदे करून लोकशाही हळूहळू पोकळ करणं. त्याला अशी तारीख नसते. धागा तुटत नाही, झिजतो. घडी घालून ठेवली तर चादर जुनीच, चांगलीच वाटते. उजेडासमोर धरली तरच पलीकडचं दिसायला लागतं.

हंगेरीचं उदाहरण घ्या, कारण तिथं प्रत्येक पायरी कागदोपत्री आहे. २०१० मध्ये व्हिक्टर ओर्बान यांचा पक्ष रीतसर निवडणूक जिंकून दोन तृतीयांश बहुमताने आला. एक रणगाडा हलला नाही. २०११ मध्ये नवी राज्यघटना मंजूर झाली. मग न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून ६२ वर आणलं. वाचताना किती साधं वाटतं! सरकारी नोकरीत वयाचे नियम बदलतच असतात. पण त्या एका आकड्याने ज्येष्ठ न्यायाधीशांची अख्खी फळी घरी गेली आणि खुर्च्या मोकळ्या झाल्या. २०१२ च्या नोव्हेंबरात युरोपीय न्यायालयाने हा बदल नियमबाह्य ठरवला, तोवर बहुतेक खुर्च्या भरलेल्या होत्या. संसदेच्या जागा ३८६ वरून १९९ केल्या, मतदारसंघ नव्याने आखले. २०१४ मध्ये सुमारे ४५ टक्के मतांवर त्या पक्षाला १३३ जागा, म्हणजे पुन्हा दोन तृतीयांश. यातल्या कुठल्या दिवशी लोकशाही गेली म्हणायची? बोट ठेवायला दिवसच नाही. व्हेनेझुएलातही २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या जागा २० वरून ३२ केल्या, त्याही कायदा करूनच.

आता थोडी कबुली. फाटणं आणि विरणं एकाच चादरीत असू शकतं, आणि आपल्याकडे होतंही. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवलं की आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. तो एक म्हणजे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदी ज्येष्ठतेने त्यांचा नंबर होता, बसवलं न्यायमूर्ती बेग यांना. खन्नांनी राजीनामा दिला. या नेमणुकीला आणीबाणीचे अधिकार लागलेच नाहीत. ती नेहमीच्या अधिकारात झाली. मला विचाराल तर आणीबाणीतला हा प्रसंग सेन्सॉरपेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

म्हणूनच 'अघोषित आणीबाणी' हा शब्द मला खटकतो. घोषणा हाच आणीबाणीचा कणा. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने त्या घोषणेच्या दाराला चांगली कुलपं लावली. 'अंतर्गत अशांतता' काढून 'सशस्त्र बंड' घातलं, मंत्रिमंडळाची लेखी शिफारस सक्तीची केली, जगण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही असं लिहिलं. पण विरवणारा त्या दाराने येतच नाही. तो निवडणूक आयोगाच्या नेमणुका, वृत्तवाहिन्यांची मालकी, चौकशी यंत्रणा, न्यायालयातल्या रिकाम्या जागा अशा बारीक झरोक्यांतून शिरतो. अर्थात न पटणारा प्रत्येक कायदा म्हणजे विरणं, असंही नाही. सरकार पुन्हा पुन्हा जिंकतंय हाही पुरावा नव्हे. बदलाने पुढच्या वेळी त्याच सरकारला हरवणं अवघड होतंय का, एवढं मी तपासतो.

दुरुस्तीही दोन तऱ्हेची. १९७७ मध्ये मतदारांनी एका निवडणुकीत फाटलेलं टाचलं, खुद्द पंतप्रधान रायबरेलीत पडल्या. पोलंडमध्ये २०१५ पासून आठ वर्षं एकाच पक्षाच्या सरकारच्या हातून न्यायव्यवस्था विरत गेली. ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत ते सरकार गेलं, पण वादग्रस्त रीतीने नेमलेले न्यायाधीश खुर्चीतच. संसदेने केलेल्या दुरुस्त्या जुन्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांच्या सहीपाशी अडकल्या. त्या न्यायाधीशांना सरसकट काढावं, तर आधीच्यांनी केलं तेच आपण करतोय असं होणार. आणि काढायचंच ठरवलं, तर त्या कायद्याची वैधता तपासायला ज्या न्यायालयात जायचं, तिथं बसलेत तेच.

आप्पांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फाटलेलं ठिगळ लावून चालतं. विरलेल्याला टाका घातला की टाक्याच्या शेजारीच फाटतं."