हमीभाव जाहीर झाला म्हणजे हातात पडला?

२०२५ च्या दिवाळीच्या सुमारास जळगाव-धुळ्याच्या पारावर एक वाक्य हमखास ऐकू यायचं: "दिल्लीने ८,११० रुपये जाहीर केलेत, म्हणजे कापसाला तेवढे मिळणारच; मिळत नसतील तर मधल्यामधे कोणीतरी खातंय." पुढाऱ्यांच्या फलकांनी हा समज वर्षानुवर्षं पोसलाय. पण तो खरा नाही.

२०२५-२६ चा ८,११० हा आकडा क्विंटलमागे होता, तोही लांब धाग्याच्या कापसाचा. मध्यम धाग्याला ७,७१० रुपये होते. शिवाय ओलावा ८ टक्के धरून. ओलावा मोजायचं यंत्र कापसाच्या ढिगात खुपसतात, काटा १२ टक्क्यांवर टेकला की ८,११० चा दर ७,७८५ रुपये ६० पैसे व्हायचा. १२ च्या पुढे माल परत. पहाटेच्या दवात वेचलेल्या कापसाचं काय होतं ते सांगायला नको. आणि हा दर देते भारतीय कापूस महामंडळ, तेही आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी केली असेल तर. गावात गाडी घेऊन येणारा खेडा खरेदीवाला रोख देतो, पण भाव स्वतःचा लावतो.

मग शेतकऱ्याचा राग खोटा? मुळीच नाही, फक्त त्याचा पत्ता चुकतोय. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेर, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीत बाहेरचा कापूस स्वस्त. त्याबद्दल आपल्या खासदाराला विचारा की, भाऊ!